तळ्यातले मासे मोजायचं काम कुठून आलं

माझी मावसबहीण गेली कित्येक वर्षं गोड्या पाण्यातल्या माशांवर संशोधन करतेय आणि दर लग्नात तिला कोणीतरी विचारतंच, अगो कोकणात राहून समुद्र सोडून तळ्यात काय शोधतेस? म्हणून यामागचं थोडं लिहितो.

आपल्याकडे मासा म्हणजे बांगडा, सुरमई, पापलेट. पण पहिल्या जोराच्या पावसात वहाळातून शेतात चढणारे मासेसुद्धा आपलेच, रायगडात त्याला वलगण म्हणतात, खाली दक्षिण कोकणात चढणीचे मासे. अभ्यासात मात्र हे मासे कायम मागे राहिले असं मला वाटतं. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, त्यात महसीर हा नदीतला मोठा मासाही होता, पण ते घाटावरचं. महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून महसीर कोणी धरत नाही, तिथे राखण झाली ती श्रद्धेने.

मग आलं मत्स्यबीज, म्हणजे तलावात सोडायची माशांची पिल्लं. १९५७ मध्ये हिरालाल चौधरींनी कटकला पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि रोहू, कटला, मृगळ देशभरच्या तलावांत सुटले, ते मूळचे कोकणातले नव्हेत. तिलापिया हा आफ्रिकेतला मासा तर १९५२ लाच भारतात आणला होता. तेव्हापासून तलावाला विचारायचा प्रश्न एकच, किती किलो? आधीपासून तिथे कोण राहत होतं हे कोणी विचारेना. १९८१ ला रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय निघालं तेव्हा कुठे कोकणातल्या पोरांना हे शिकायला घराजवळ जागा मिळाली.

मोजतात कसे? समजा शंभर मासे धरले, पराची बारीक कड कापून सोडले, नंतर पन्नास धरले त्यात पाच खुणेचे निघाले, तर तळ्यात अंदाजे हजार. ऐकायला सोपं, पण मधल्या काळात खुणेचे मेले किंवा पावसात बाहेर गेले की हिशोब फसतो. वय काढणं त्याहून कठीण, थंड देशात हिवाळ्यात वाढ थांबते म्हणून खवल्यावर वर्षाची रेघ स्पष्ट उमटते, आपल्याकडे तशी थंडीच नाही. मग महिनोन्महिने लांबी मोजत बसायचं.

एकदा पहाटे तिच्यासोबत होडीत होतो. तिने जाळ्यातून मळवा मासा सोडवला, ओल्या हाताने फळीवर ठेवला, लांबी सांगितली, मी वहीत लिहिली आणि तिने तो लगेच पाण्यात सोडला, सगळं मिळून अर्धं मिनिटही नसेल.