खड्डा, काठी आणि लेप: झाडं लावण्याच्या नियमांमागचा इतिहास

घराच्या आवारात झाड लावायचं ठरलं की चार सल्ले हमखास मिळतात. खड्डा चांगला खोल खणा. शेणखत घातलेल्या मातीने तो भरा. रोप काठीला घट्ट बांधा. आणि फांदी छाटली तर कापलेल्या जागी काहीतरी लावा. हे सल्ले इतक्या पिढ्या चालत आले आहेत की ते मुळात कोणत्या झाडांसाठी होते, हे विचारायचं राहूनच जातं. विचारायला हवं, कारण यातले कितीतरी नियम घरच्या बागेसाठी नव्हतेच. काही फळबागेसाठी सांगितलेले, काही लाकडाच्या चिंतेतून आलेले.

जिवंत झाड एका जागेवरून उचलून दुसरीकडे लावण्याची कला मात्र फार जुनी आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या राणी हत्शेप्सुतने पुंत या लाल समुद्राकडच्या दूरच्या देशातून सुगंधी डिंकाची झाडं मागवली. तिच्या मंदिराच्या भिंतीवर ती झाडं मुळांसकट टोपल्यांत ठेवून माणसं वाहून नेताना कोरलेली आहेत. मुळांभोवतीची माती सुटू द्यायची नाही, हे तेव्हाही माहीत होतं.

खड्ड्याबद्दलचा सविस्तर सल्ला पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन लेखकाकडे सापडतो. लागवडीच्या वर्षभर आधी खड्डा खणून ठेवा, म्हणजे ऊन-पावसाने त्यातली माती मऊ होते, असं तो सांगतो. तेवढा वेळ नसेल तर निदान दोन महिने आधी खणा आणि आत काडीकचरा जाळा. खड्ड्याचा आकारही त्याने दिला आहे: भट्टीसारखा, वर अरुंद आणि तळाशी रुंद. मुळांना खाली पसरायला जागा मिळावी, थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा राहावा, हा त्यामागचा विचार.

विचार मनापासून केलेला होता, पण तो मुळं खालीच पसरतात या समजुतीवर उभा होता. झाडाच्या डोक्यावर जेवढा पसारा, तेवढाच जमिनीखाली खोल, असं चित्र आजही अनेकांच्या मनात असतं. माती बाजूला करून प्रत्यक्ष मुळं पाहणाऱ्यांना वेगळंच दिसलं. अमेरिकी संशोधक थॉमस पेरी यांनी 1982 मध्ये ही निरीक्षणं एका लेखात एकत्र मांडली. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या हात-दीड हातातच असतात आणि आडवी पसरत फांद्यांच्या घेरापलीकडे दूरवर जातात. कारण साधं आहे. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि खोल, दाबलेल्या मातीत तो पुरेसा नसतो. म्हणून आजचा खड्डा कोलुमेलाच्या नेमका उलटा असतो: मुळांच्या गड्ड्याएवढाच खोल, पण रुंदी त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि कडा वर पसरट.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहिता या ग्रंथात वृक्षायुर्वेदावर, म्हणजे झाडांच्या निगेच्या शास्त्रावर, एक अध्याय लिहिला. त्यात अंतराचा हिशेब आहे: दोन झाडांमध्ये वीस हात असतील तर उत्तम, सोळा मध्यम, आणि बारापेक्षा कमी नको. हात म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर धरला तर हे अंतर नऊ मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंत येतं. कारणही त्याने दिलं आहे. झाडं एकमेकांना टेकली आणि मुळं एकमेकांत गुंतली की ती नीट फळत नाहीत. जमिनीवरचा पसारा मोजताना जमिनीखालचाही विचारात घेणारा हा नियम मला त्या सगळ्या अध्यायात सर्वांत मोलाचा वाटतो. घराच्या बागेत हाच सर्वांत जास्त मोडला जातो, कारण हातातलं रोप वीतभर असतं आणि डोळ्यांना मोकळी जागा दिसते.

त्याच अध्यायात पाण्याचा क्रम आहे: उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकली तरच. शेवटची अट महत्त्वाची. ठरलेला दिवस न पाहता माती पाहून पाणी द्यायचं, एवढं त्या तीन शब्दांत सांगून झालं आहे. शिवाय झाड दुसरीकडे लावताना मुळांपासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा असंही तो सांगतो.

झाडाला लेप लावण्याची ही ओढ खूप दूरवर गेलेली दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाचा माळी विल्यम फोर्सिथ याने असाच एक लेप जाहीर केला. ताजं शेण, जुन्या इमारतींचा चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू. कुजलेला भाग खरवडून हा लेप लावला की पोकळ झालेली झाडंही पुन्हा भरीव होतात, असा त्याचा दावा होता. ब्रिटनला तेव्हा आरमारासाठी ओकच्या चांगल्या लाकडाची चिंता होती, त्यामुळे दावा थेट संसदेपर्यंत पोहोचला. कृती उघड करण्याच्या मोबदल्यात त्याला सरकारी बक्षीस मिळालं आणि 1791 मध्ये ती छापून आली.

थॉमस अँड्र्यू नाइट या बागायतदार संशोधकाने पुढे त्यावर शंका घेतली. पण लेपाची सवय टिकली. शेणाच्या जागी डांबर आलं, मग रंग आला.

या सवयीला खरा धक्का बसला तो विसाव्या शतकात, अॅलेक्स शायगो यांच्या कामामुळे. अमेरिकेच्या वन खात्यात काम करताना त्यांनी झाडं आडवी न कापता साखळी-करवतीने लांबीच्या दिशेने उभी चिरली. कोणत्या जुन्या जखमेपासून कूज कुठवर गेली, हे त्यामुळे खोडात सलग दिसू लागलं. 1977 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: झाड जखम भरून काढत नाही, तिला कोंडून टाकतं. आपल्या त्वचेसारखी नवी पेशी जुन्या पेशीची जागा घेत नाही. झाड जखमेभोवती रासायनिक आणि नव्या लाकडाच्या भिंती उभारतं आणि पुढची वाढ त्यांच्या बाहेर करतं. लेपाने कूज थांबत नाही, हेही त्यांच्या पाहणीत दिसलं. विशिष्ट रोग पसरवणारे कीटक ताज्या जखमेकडे येतात, अशा काही ठिकाणी मात्र रंग लावण्याला आजही अर्थ आहे.

याचा छाटणीवर फार मोठा परिणाम झाला. त्याआधी फांदी खोडाला अगदी लागून, सपाट कापायची रीत होती. ती दिसायला नीटनेटकी असते. पण कोणत्याही फांदीच्या बुडाशी नीट पाहा. ती खोडाला मिळते तिथे सालीची थोडी फुगीर, सुरकुतलेली कडी असते, वरच्या बाजूला बारीक, खालच्या बाजूला ठळक. जखम कोंडणाऱ्या पेशी त्या कडीत असतात. सपाट कापलं की कडीच निघून जाते आणि कूज थेट खोडात शिरते. कडीच्या जरा बाहेर कापलं तर वर्षभरात जखमेभोवती गोल वेटोळं उमटू लागतं. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो आणि वेटोळं बंदच होत नाही.

काठीची गोष्ट पुन्हा नाइटकडे नेते. 1803 मध्ये त्याने सफरचंदाच्या कोवळ्या झाडांवर एक सुंदर प्रयोग मांडला. काही झाडं बांधून हलूच दिली नाहीत, काही मोकळी सोडली, आणि एकाला फक्त उत्तर-दक्षिण डोलता येईल असं बांधलं. बांधलेली झाडं जाडीत मागे पडली. उत्तर-दक्षिण डोलणाऱ्या झाडाचं खोड लंबगोल झालं, त्या दिशेने 13 भाग असेल तर आडव्या दिशेने 11. वाऱ्याने वाकलेल्या बाजूला झाड लाकूड घालतं, याचा इतका स्पष्ट पुरावा असूनही काठी घट्ट बांधण्याची रीत दीडशे वर्षांहून अधिक चालू राहिली. हलण्या-स्पर्शाने वनस्पतीच्या वाढीत होणाऱ्या बदलाला 1973 मध्ये मॉर्डेकाय जॅफ यांनी शास्त्रीय नाव दिलं. आता काठी लागलीच तर ती खोडाच्या खालच्या भागात, सैल आणि साधारण एका वर्षापुरतीच ठेवायला सांगतात.

शेणखताचं काय? फळबागेत, भाजीच्या वाफ्यात खताचं महत्त्व वादातीत आहे. पण झाडाच्या खड्ड्यातली माती निराळी केल्याने फायदा होतो का, हे 1970च्या दशकात अमेरिकेत मोजून पाहिलं गेलं आणि बहुतेक प्रयोगांत फरक दिसला नाही. खड्ड्यात भुसभुशीत आणि बाहेर घट्ट माती असली की पाणी त्या सीमेवर अडतं आणि मुळंही आतच घुटमळतात. खत कुजून बसतं तसं झाडही खाली जातं आणि बुंध्याचा रुंदावणारा भाग मातीखाली गाडला जातो. तो भाग उघडा राहायला हवा. बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत शिरताना दिसला, तर झाड खोल लावलं गेलं आहे असं बहुधा समजावं.

कुंडीत आणि पिशवीत रोपं विकण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर बळावली. त्याआधी पानगळीच्या झाडांची रोपं बहुधा विश्रांतीच्या हंगामात, उघड्या मुळांनीच हात बदलत. पिशवीमुळे वर्षभर लागवड शक्य झाली, पण मुळं भिंतीला लागून गोल फिरू लागली. जमिनीत गेल्यावरही ती तशीच जाड होत जातात आणि पुढे बुंध्याला आवळतात. लावण्याआधी ही वेटोळी कापून किंवा उकलून टाकण्याचा सल्ला त्यातून आला.

मला सर्वांत जास्त आवडतो तो इंग्लंडमधल्या वोबर्न इथला प्रयोग. बेडफर्डचे ड्यूक आणि स्पेन्सर पिकरिंग यांनी 1894 मध्ये तिथे फळझाडांसाठी प्रायोगिक बाग उभारली आणि माळ्यांच्या पवित्र नियमांची एकेक परीक्षा घेतली. मुळं हळुवार पसरून, माती बोटांनी भरून लावलेली झाडं एकीकडे. मुळं कशीही कोंबून, माती धुमसून घट्ट केलेली दुसरीकडे. धुमसलेली झाडं मागे पडली नाहीत, कित्येकदा पुढेच गेली. फरक पाडणारी गोष्ट दुसरीच निघाली: गवत. कोवळ्या झाडाच्या बुडाशी गवत वाढू दिलं की ते खुरटत असे. त्याचं कारण पिकरिंगना गवताच्या मुळांतून निघणारं विष वाटलं. आज पाणी आणि नत्रासाठीची स्पर्धा त्याहून मोठी मानतात. कारण काहीही असो, कोवळ्या झाडाभोवती मीटरभर घेरात गवत काढून पाच ते दहा सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं आणि ते बुंध्याला टेकू द्यायचं नाही, ही आजची शिफारस तिथल्या निरीक्षणाशी जुळते. पहिल्या दोन-तीन वर्षांत या घेरात पाणी मुरलं पाहिजे, आणि झाड मोठं होईल तसं आळंही खोडापासून बाहेर सरकवत न्यायचं, कारण पाणी ओढणारी केशमुळं तोवर तिकडे पोहोचलेली असतात.