सर्व्हर क्लाउडवर हलवताना नक्की अडतं कुठे?

ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा खाडीपलीकडे रबाळे-महापेला कुठल्याही मध्यम आकाराच्या कंपनीत जा, अकाउंट्सच्या केबिनमागे एक बारकी खोली असतेच, तिथे चोवीस तास एसी चालू, खाली दोन यूपीएस, कोपऱ्यात जुन्या चलनांचे गठ्ठे आणि मधे तो सर्व्हर. आठ-दहा वर्षं जुना, आणि त्याला हात लावायला सगळे घाबरतात कारण चालू आहे तोवर चालू आहे. मग एक दिवस हार्ड डिस्क कटकट आवाज करायला लागते आणि मालक म्हणतात, "आता सगळं क्लाउडवर टाकून द्या बाबा, डोक्याला ताप नको."

टाकून द्या म्हणायला काय जातंय. मी हेच काम करतो, छोट्या-मध्यम कंपन्यांचे सर्व्हर हलवून द्यायचं, आणि माझं स्पष्ट मत आहे की क्लाउडवाल्यांकडून फारशी अडचण येत नाही, आपलं जुनं सॉफ्टवेअर इतकी वर्षं सर्व्हरच्या मांडीवर बसून लाडावलेलं असतं आणि त्याच्या खोडी कोणालाच माहीत नसतात, घोडं तिथे अडतं.

आधी क्लाउड म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. मोठ्या डेटा सेंटरमध्ये हजारो सर्व्हर असतात, प्रत्येकावर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर चालतं, ते एका खऱ्या मशीनचे भाग पाडून अनेक 'व्हर्च्युअल' मशीन तयार करतं आणि त्यातलं एखादं आपण तासाच्या भाड्याने घेतो. मुंबई भागात ही सोय आता जुनी झाली, मायक्रोसॉफ्टने २०१५ ला सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ ला, गुगलने २०१७ ला. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात तर डेटा सेंटरची रांगच लागली आहे. तुमचं मशीन नक्की कुठल्या बिल्डिंगमध्ये आहे हे या कंपन्या सांगत नाहीत, पण वागळे इस्टेटचा डेटा फार लांब न जाता कळवा-विटावा ओलांडून खाडीपलीकडेच राहायला गेला असंही होऊ शकतं.

आता लांब आणि जवळ याला इतकं महत्त्व का ते बघा, कारण सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथेच रखडतात.

इलेक्ट्रिकल पॅनल बनवणारी एक कंपनी आहे. त्यांचं डिस्पॅचचं सॉफ्टवेअर जुनं, ऑफिसातल्या सर्व्हरवर एकदम झकास चालायचं. माझ्या आधीच्या कोणीतरी डेटाबेस क्लाउडवर टाकला आणि प्रोग्राम मात्र ऑफिसच्या पीसींवरच ठेवला, वर मशीन घेतलं सिंगापूरमधलं. दुसऱ्या दिवशी गोडाऊनमधला मुलगा म्हणतो, "सर, ऑर्डर उघडायला लावली आणि चहा घेऊन आलो, तरी ते चक्र फिरतंयच." मालकांनी लगेच नेटवाल्याला फोन करून १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून घेतला. चक्र तेवढंच फिरलं.

कारण गडबड स्पीडची नव्हतीच. त्या स्क्रीनवर ८० आयटमची ऑर्डर उघडली की प्रोग्राम प्रत्येक आयटमसाठी डेटाबेसला पाच वेगवेगळे प्रश्न विचारायचा, नाव काय, स्टॉक किती, रेट काय, जीएसटीसाठीचा एचएसएन कोड कुठला, रॅक नंबर कुठला, आणि एकाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न टाकायचा नाही. झाले ४०० प्रश्न. वाण्याकडे यादी द्यायची सोडून एकेका जिन्नसासाठी वेगळी खेप मारण्यासारखं हे आहे, वाणी खालीच असेल तर चालून जातं, पण तो पार कर्जतला असेल तर दिवस त्यातच जाईल आणि रस्ता कितीही रुंद केला तरी खेपा तेवढ्याच राहतील.

आकडे घालून बघा. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर एका प्रश्नाची ये-जा साधारण अर्ध्या मिलिसेकंदात होते, म्हणजे ४०० प्रश्न ०.२ सेकंदात संपले, माणसाला कळतही नाही. तेच ठाण्याहून मुंबईतल्या डेटा सेंटरला इंटरनेटवरून ५ मिलिसेकंद धरा, झाले २ सेकंद. सिंगापूर ६० मिलिसेकंद, म्हणजे २४ सेकंद. अमेरिकेत व्हर्जिनियाला २०० मिलिसेकंद धरले तर एका स्क्रीनला ८० सेकंद! आणि हे पैसे टाकून कमी होत नाही, कारण काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्याच्यापुढे नाही. सिंगापूर इथून सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे केबल अगदी नाकासमोर टाकली असती तरी जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि वरचे मिलिसेकंद केबलचे वळसे आणि वाटेतले राउटर खातात. एमबीपीएस म्हणजे एका वेळी किती माल जाईल ते, आणि पहिला थेंब पोचायला किती वेळ लागेल ती लेटन्सी. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, पण नेटवाला विकताना फक्त पहिलीच सांगतो.

यावर उपाय दोन. एक म्हणजे प्रोग्राम सुधारून घ्यायचा, ४०० प्रश्नांऐवजी एकाच प्रश्नात ८० आयटमची सगळी माहिती मागवायची, पण त्यासाठी मूळ कोड आणि तो लिहिणारा माणूस हातात पाहिजे, आणि तो बहुतेक वेळा नोकरी सोडून दुबईला गेलेला असतो. दुसरा म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस दोघांनाही उचलून क्लाउडमध्ये शेजारी-शेजारी ठेवायचं आणि ऑफिसातून रिमोट डेस्कटॉपने फक्त स्क्रीन बघायची. टॅलीवाले बहुतेक हाच मार्ग घेतात. प्रश्नोत्तरं तिकडच्या तिकडे होतात, लांबून फक्त चित्र येतं आणि माउसची हालचाल जाते. दिसायला जुगाड आहे पण चालतो.

मग येतात बारीकसारीक गोष्टी, ज्या कुठल्याही प्लॅनमध्ये लिहिलेल्या नसतात. हजेरीचं अंगठ्याचं मशीन घ्या, त्यात कधीकाळी कोणीतरी सर्व्हरचा ऑफिसच्या आतला पत्ता १९२.१६८.१.१० असा ठोकून ठेवलाय आणि सेटिंगचा पासवर्ड कोणाकडे नाही. वजनकाटा जुन्या पीसीच्या सिरियल पोर्टला जोडलेला, तो तर क्लाउडला जाणारच नाही, तो पीसी इथेच ठेवून त्याच्याकडून आकडा वर पाठवायची सोय करावी लागते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स एका यूएसबी डाँगलमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या चावीत असतं, भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनला तो खोचणार कुठे? आणि डॉट मॅट्रिक्सवर तीन कॉपीचं चलन काढायचं असतं, ते रिमोटवरून काढलं की नेमका जीएसटी नंबर फाटायच्या रेषेवर येतो. मला विचाराल तर पहिला आठवडा काहीच हलवू नये, फक्त कोणतं मशीन कोणाशी बोलतं ते नेटवर्कवर बसून नोंदवावं. लोकांना विचारून भागत नाही, अकाउंटवाल्या मॅडमना सुद्धा माहीत नसतं की त्यांची महिनाअखेरची एक्सेल शीट रोज रात्री सर्व्हरवरच्या कुठल्या तरी फोल्डरमधून डेटा ओढते.

डेटा चढवायला किती वेळ लागेल हा हिशोब तर कोणी करतच नाही. समजा ४ टीबी डेटा आहे आणि अपलोड ५० एमबीपीएस मिळतो. टीबीमधला बी म्हणजे बाइट, एमबीपीएसमधला बिट, एका बाइटचे आठ बिट, आणि एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. म्हणजे ३२ लाख कोटी बिट, सेकंदाला ५ कोटीने, ६ लाख ४० हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेसात दिवस, ते पण मधे काही न तुटता आणि ऑफिसात दुसऱ्या कोणी नेट न वापरता. त्यामुळे 'शनिवारी रात्री बसू, रविवारी संपवू' असं होत नाही. आधी सगळी कॉपी सावकाश चढवत ठेवायची, मग शेवटच्या रात्री फक्त मधल्या काळात बदललेलं तेवढंच पाठवायचं. फारच जास्त असेल तर डिस्क भरून कुरियरने पाठवायची सोयही असते, ॲमेझॉनने तर २०१६ साली ४५ फुटी कंटेनरचा ट्रक आणला होता, एका खेपेत १०० पेटाबाइटपर्यंत (एक पेटाबाइट म्हणजे हजार टीबी) डेटा न्यायला, पुढे तो बंद केला. आपल्याला ट्रक लागत नाही, आपल्याला आधी 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल नवीन' या नावांची एकच ड्रॉइंग अकरा फोल्डरमधून काढून टाकावी लागते.

बिलाबद्दल थोडक्यात. महिन्याचे साधारण ७३० तास, मशीन चालू ठेवलं की तेवढ्याचे पैसे लागणार, कोणी वापरो न वापरो. ऑफिस रोज १० तास आणि महिन्यात २६ दिवस असेल तर खरी गरज २६० तासांची, म्हणजे रात्री आपोआप बंद करायचं शेड्यूल लावलं तर मशीनचं भाडं जवळजवळ दोन तृतीयांश कमी होतं. डिस्कचं भाडं मात्र मशीन बंद असलं तरी चालूच राहतं. डेटा आत टाकायला सहसा पैसे नाहीत, बाहेर काढायला आहेत. आणि टेस्टिंगसाठी घेतलेलं मशीन विसरू नका, पहिल्या दिवशीच बजेटचा अलर्ट लावून टाका.

सुरक्षेचं सांगायचं तर मालकांची भीती असते की क्लाउड कंपनीचा माणूस आपला डेटा बघेल. खरा धोका आपल्याच सेटिंगमध्ये असतो. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट, म्हणजे मशीनमध्ये शिरायचं दार, उघड्या इंटरनेटवर ठेवला की झालं. इंटरनेटवर मशीनला पत्ता द्यायच्या जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत जगात एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत आणि २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाच्या टूलने एका मशीनवरून हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत तपासता येतात हे दाखवलं. म्हणजे 'आपल्या छोट्या कंपनीला कोण शोधणार' याला अर्थ नाही, कोणी शोधत नाही, दार ठोठावणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, सगळ्यांचीच दारं ठोठावतात. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा आपला खाजगी बोगदा, लावा, ओटीपीची दुसरी पायरी लावा.

आणि बॅकअप. क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहेच असं नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक पूर्ण इमारत गेली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. उलट मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाचा गुगल क्लाउडवरचा अख्खा सेटअप एका सेटिंगच्या चुकीने डिलीट झाला, पण त्यांनी दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवला होता, सेवा दिवसचे दिवस बंद राहिली पण डेटा वाचला. रजिस्टर्ड कंपन्यांसाठी कायदाही आहे, २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर लागतो. सिंगापूर स्वस्त पडलं तरी हे लक्षात ठेवा.

क्लाउडवर गेल्यावर इंटरनेट हीच तुमची वीज होते हे पण बऱ्याच जणांना उशिरा कळतं. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे वीज गेली होती, डेटा सेंटरवाले जनरेटरवर चालतात, आपला राउटर कशावर चालणार? पावसाळ्याआधी रस्ते खोदले की फायबर तुटतो तो वेगळाच. दोन कनेक्शन घ्या, पण दोन्हींची केबल एकाच खांबावरून येत नाही ना ते खाली उतरून डोळ्यांनी बघा, नाहीतर एक कनेक्शन मोबाइलवरचं ठेवा.

तारीख निवडताना जीएसटीचं कॅलेंडर समोर ठेवा, रिटर्न भरायच्या ११ तारखेच्या आणि २० तारखेच्या आधी कोणालाही नवीन सिस्टीम देऊ नका, अकाउंटवाले तुम्हाला आयुष्यभर माफ करणार नाहीत. २१ नंतरचा आठवडा बरा, आणि दिवाळीच्या तोंडावर तर नाहीच. जुना सर्व्हर निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत तसाच चालू स्थितीत ठेवा, फक्त त्यात कोणाला नवीन एन्ट्री करू देऊ नका. आणि शेवटी भंगारवाल्याला द्यायची वेळ आली की नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट करून देऊ नका, त्याने फाइलची नोंद जाते, डेटा डिस्कवर तसाच असतो आणि साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत निघतो. डिस्क काढून घ्या, पूर्ण ओव्हरराइट करा नाहीतर ड्रिलने भोकं पाडा, मग बाकीचा डबा त्याला किलोने देऊन टाका.