होमवरचा कॅचर : लेगगार्ड घेताना एवढं वाचा

बेसबॉल-सॉफ्टबॉलमध्ये होम प्लेटजवळ बॉल पकडणारा तो कॅचर, आणि त्याच्या नडगी-गुडघ्यावरचं कवच म्हणजे लेगगार्ड. लेगगार्ड नेलेला एखादा कॅचर महिन्याभरात दुकानात परत येतो. "गुडघ्याला लागलं, गार्ड हलका निघाला." बघावं तर पुढच्या प्लास्टिकवर ओरखडासुद्धा नाही. मार बसलेला असतो डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे नुसते पट्टे आणि हूक असतात. तिथे कुठलाही गार्ड उपयोगाचा नाही, महागातला घेतलात तरी.

कारण उभं राहण्यात आहे. कॅचरचं तोंड मैदानाकडे, रनर (धाव पुरी करायला तिसऱ्या बेसवरून प्लेटकडे पळणारा) येतो डावीकडून. म्हणून डाव्या पायाचा चवडा तिसऱ्या बेसकडे वळलेला हवा; मग समोर येतो तो गार्डचा कडक भाग. राइट फील्डमधून, म्हणजे कॅचरच्या उजव्या हाताच्या लांबच्या मैदानातून, थ्रो आला की मुलं अख्खी तिकडे फिरतात आणि चवडाही फिरतो. मान वळवा, कंबर वळवा, चवडा तिथेच ठेवा. थ्रो फारच बाजूला गेला तर मात्र प्लेट सोडून आधी बॉल गाठा.

उभं राहायचं प्लेटच्या पुढे, फेअर बाजूला (मैदानाच्या आतल्या अंगाला), डावा पाय पुढच्या डाव्या कोपऱ्याजवळ. बॉल हातात येईपर्यंत रनरला प्लेट दिसली पाहिजे आणि वाट मोकळी पाहिजे. बॉल नसताना वाट अडवली तर ऑब्स्ट्रक्शन, आणि आउट झालेला रनरही अंपायर सेफ देतो. "मी तर नुसता उभा होतो" हे तिथे चालत नाही.

बॉल आला की तो उजव्या मुठीत धरून मूठ मिटमध्ये (कॅचरच्या जाड ग्लोव्हमध्ये), आणि मिटची पाठ जमिनीलगत. रनर घसरत येतो, त्याचा पाय खालूनच येणार. छातीच्या उंचीवर टॅग करायला, म्हणजे बॉल असलेलं मिट रनरला लावायला, गेलात तर तो खालून प्लेटवर पोचलेला असतो. मास्क काढू नका.

तिन्ही बेस भरलेले असतील आणि ग्राउंडर (जमिनीवरून येणारा फटका) आला, तर टॅगची गरजच नाही. पहिल्या बेसवाल्यासारखा प्लेटला पाय लावा, बॉल घ्या, आणि लगेच आतल्या बाजूला पाऊल टाकून पहिल्या बेसला फेका. जागेवरूनच फेकलात तर बॉल पहिल्या बेसकडे पळणाऱ्या बॅटरच्या पाठीत जातो.

सरावाला प्लेट नसेल तर मुरमावर फक्कीने १७ इंच रुंदीची आखा. अंदाजाने आखलेली प्लेट हमखास मोठी होते आणि पायाची सवय बिघडते.

गार्ड दुकानात उभ्याने घालून बघू नका, उकिडवे बसा. गुडघ्याची वाटी बसल्यावरही गुडघ्यावरच राहिली पाहिजे. हूक बाहेरच्या बाजूला लावा, आत लावले तर पळताना एकमेकांत अडकतात.