रेगमॅप आणि एमएफडी: रजिस्टरपर्यंतची वाट आणि चिपची वाटणी

समजा, रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागेसाठी लिनक्सवर चालणारा ठिबक नियंत्रक तयार होत आहे. त्याच्या बोर्डावर आय-टू-सी या दोन तारांच्या बसला (चिपांमधील संदेशवाहिनीला) जोडलेली वीजव्यवस्थापनाची एकच चिप आहे. पण तिच्या पोटात व्होल्टेज रेग्युलेटर, रात्रीच्या वीजपाळीला बोर्ड जागा करणारे घड्याळ आणि काही जीपीआयओ (हव्या त्या कामासाठी चालू-बंद करता किंवा वाचता येणाऱ्या) पिना अशी तीन निरनिराळी कामे आहेत. अशा चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा कर्नलमधील कोड, लिहिताना एमएफडी (मल्टी-फंक्शन डिव्हाइस) आणि रेगमॅप या लिनक्स कर्नलच्या दोन सोयी बहुधा एकत्रच भेटतात आणि त्यामुळे ‘एमएफडी केले म्हणजे कोडची पुनरुक्ती संपली’ असा समज होतो. हा समज चुकीचा आहे आणि त्यातून निर्माण होणारे दोष शोधणे फार जड जाते.

एमएफडी चिपची वाटणी करते. मूळ ड्रायव्हर प्रत्येक कामासाठी एक सेल, म्हणजे त्या कामाची नोंद, जाहीर करतो, त्यातून स्वतंत्र अपत्य-उपकरणे नोंदली जातात आणि रेग्युलेटर, घड्याळ व जीपीआयओ यांचे ड्रायव्हर आपापल्या उपप्रणालीत राहतात. रजिस्टर, म्हणजे चिपची स्थिती आणि आज्ञा ठेवणारी तिच्यातील छोटी जागा, कसे वाचायचे याविषयी मात्र एमएफडी काहीच सांगत नाही. पांझरेकाठच्या फड पद्धतीत लाभक्षेत्राचे फड पाडणे वेगळे आणि पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी सोडणे वेगळे, तसाच हा भेद आहे.

पाळी सांभाळण्याचे काम रेगमॅपचे. पूर्वी जवळजवळ प्रत्येक चिपचा मूळ ड्रायव्हर वाचन, लेखन आणि ‘सेट बिट्स’ यांची स्वतःची फंक्शने, स्वतःच्या म्युटेक्ससह (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपासह), निर्यात करत असे. नावे वेगळी, आतला कोड तोच. ध्वनी उपप्रणालीतील कोडेक (ध्वनीचे अंकीय रूपांतर करणाऱ्या चिप) ड्रायव्हरांसाठी असलेला असाच सामायिक कोड कर्नल-विकसक मार्क ब्राउन यांनी सर्वांसाठी खुला केला आणि २०११ मध्ये कर्नल ३.१ सोबत रेगमॅप आला. रजिस्टरच्या पत्त्याचे आणि मूल्याचे बिट किती, एवढे सांगितले की आय-टू-सी, एसपीआय ही दुसरी बस किंवा एमएमआयओ (स्मृतीच्या पत्त्यांवरून रजिस्टर गाठण्याची पद्धत) यांतला फरक त्याच्या आतच राहतो. बॉशच्या बीएमपी२८० या दाबमापक चिपचा मुख्य ड्रायव्हर त्यामुळेच आय-टू-सी आणि एसपीआय या दोन्ही बसांसाठी एकच आहे. तिथे एमएफडीचा संबंधच नाही. उलट इंटेलच्या चिपसेटांचा एलपीसी-आयसीएच ड्रायव्हर एमएफडी वापरतो, पण रेगमॅपविना.

दोन्ही एकत्र आले की खरी काळजी कुलपाची घ्यावी लागते. एकाच रजिस्टरमधील दुसरा बिट रेग्युलेटरचा आणि पाचवा घड्याळाचा असेल, दोन्ही ड्रायव्हरांनी जुने मूल्य वाचले आणि एकामागून एक लिहिले, तर आधी लिहिणाऱ्याचा बदल पुसला जातो. रेगमॅपचे ‘अपडेट बिट्स’ वाचन, बदल आणि लेखन एकाच कुलपाखाली करते. पण हे कुलूप त्या एका रेगमॅपपुरतेच असते. अपत्य-ड्रायव्हरने त्याच चिपसाठी स्वतःचा दुसरा रेगमॅप उघडला तर दोन कुलपे होतात आणि संरक्षण उरत नाही. म्हणून अपत्याने पालक-उपकरणाचाच (मूळ ड्रायव्हरने उघडलेला) रेगमॅप मागून घ्यावा, हा नियम मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कॅशेबाबतही, म्हणजे रजिस्टरांची मूल्ये स्मृतीत साठवून ठेवण्याबाबतही, सावध राहावे. ती मागितल्याशिवाय मिळत नाही. पण एकदा सुरू केली आणि अस्थिर (चिप स्वतःच बदलते अशी) रजिस्टरे जाहीर केली नाहीत, तर रेगमॅप सर्वच रजिस्टरे स्थिर धरतो. मग घड्याळाचे सेकंद किंवा इंटरप्टची (चिपने प्रोसेसरला दिलेल्या सूचनेची) स्थिती चिपकडून न येता स्मृतीतून येते आणि सिंचनाची वेळ चुकते.

जुना ड्रायव्हर एकत्रित करताना आधी पालकात रेगमॅप आणावा, जुनी फंक्शने काही काळ त्याच्यावरचे पातळ आवरण म्हणून ठेवावीत आणि अपत्ये एकेक करून थेट रेगमॅपवर नेल्यानंतरच ती काढून टाकावीत. ते आवरण कायमचे ठेवणे मला पटत नाही, कारण पुढच्या माणसाला तीच फंक्शने पुन्हा वाचून त्यांत वेगळे काही नाही याची खात्री करून घ्यावी लागते.