घरगुती साहित्यातील संवेदी कलाखेळ

घरगुती साहित्यातील संवेदी कलाखेळ : साधारण एक ते सहा वर्षांच्या मुलांनी कणीक, माती, हळद, रांगोळी, डाळी, पाणी, कागद, चिंध्या अशा रोजच्या वस्तू हाताळत, त्यांचा स्पर्श, वास, आवाज व रंग अनुभवत केलेली कलाकृती किंवा कृती. कृती संपल्यावर हातात काही उरलेच पाहिजे असे नाही. पुण्यातील बालवाड्यांतले ठसेकाम, मातकाम व चिकटकाम, घरोघरचे शाडूचे गणपती, दिवाळीतला किल्ला आणि आईशेजारी बसून लाटलेली पिटुकली पोळी हे सर्व या संज्ञेखाली येते.

संज्ञा : ‘संवेदी’ हा शब्द मानसशास्त्राच्या परिभाषेतून आला. बालशिक्षणातला जुना शब्द ‘इंद्रियशिक्षण’. दोन्ही शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरले जातात, पण त्यांचा अर्थ एक नाही. इंद्रियशिक्षणात खरखरीत-गुळगुळीत, जड-हलके असा भेद ओळखण्याची क्षमता तीक्ष्ण करणे हा हेतू असतो आणि उत्तर बरोबर किंवा चूक ठरते. कलाखेळात चूक ठरण्याजोगे काही नसते. बालवाडीच्या ताईंच्या बोलण्यात मात्र यांपैकी कोणताच शब्द फारसा येत नाही. तिथे कृतीचेच नाव चालते : ठसे, ओवणे, चुरगळणे, फाडणे, थापणे.

उगम : याविषयी तीन मते आढळतात. सर्वांत रूढ मत हे खेळ मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्यापासून सुरू झाले असे मानते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या साधनांवरून त्यांनी आपली इंद्रियसाधने विकसित केली. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. त्यामुळे भारतात इंद्रियशिक्षण म्हणजे माँटेसरी हे समीकरण पक्के झाले.

मात्र त्यांच्या साधनांची रचना पाहता हे मत पूर्णपणे पटत नाही. त्यांच्या प्रत्येक साधनात एकच गुण वेगळा काढलेला असतो. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन रंगाने व पोताने सारखे असतात आणि त्यांची कड तेवढी १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत वाढत जाते. कणकेच्या गोळ्यात याच्या नेमके उलट घडते. तो मऊ, गार, चिकट व वासाचा असे सगळे एकाच वेळी असतो. माँटेसरी पद्धतीत घरातल्या वाट्या, चमचे, धान्य व पाणीही असते, आणि या मताचे पुरस्कर्ते त्याकडेच बोट दाखवतात. परंतु तिथे पाणी ओतायचे ते न सांडता, म्हणजे कृतीला ठरलेला शेवट असतो. चित्रकलेविषयीही माँटेसरींची भूमिका मुक्त रंगकामापेक्षा हात व डोळा यांच्या पूर्वतयारीला अधिक महत्त्व देणारी होती.

दुसरे मत फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांच्याकडे जाते आणि प्रस्तुत नोंदीचा कल त्या मताकडे आहे. फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांच्या साधनांचे दोन वर्ग होते : देणग्या व हस्तव्यवसाय. चेंडू, घन, ठोकळे या देणग्या खेळून झाल्या की जशाच्या तशा पेटीत परत जातात. हस्तव्यवसायात द्रव्य बदलते. माती दाबली जाते, कागदाची घडी पडते, दोरा ओवला जातो, आणि ते पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. घरगुती कलाखेळाचे सारे बळ या बदलात आहे. त्यामुळे तो दुसऱ्या वर्गाचा वारस ठरतो. फ्रोबेलच्या हस्तव्यवसायांत ‘वाटाणेकाम’ नावाचा एक प्रकार होता. भिजवून मऊ केलेल्या वाटाण्यांत बारीक काड्या खोचून घर, खुर्ची, तारा असे सांगाडे उभे करायचे. वाटाणे वाळले की आकसतात आणि सांधा घट्ट होतो. काड्या व वाटाणे यांखेरीज काहीच लागत नाही. पुण्यातल्या घरात रात्री भिजत घातलेले हिरवे वाटाणे आणि खराट्याच्या काड्या घेतल्या तरी हेच काम होते. फक्त काड्यांची टोके बोथट करून घ्यावी लागतात.

तिसरे मत विसाव्या शतकातील व्यवसायोपचाराला (ऑक्युपेशनल थेरपी) श्रेय देते. अमेरिकेतील ए. जीन आयर्स यांनी १९६०–७० च्या दशकांत संवेदी एकात्मीकरणाची, म्हणजे निरनिराळ्या संवेदना मेंदू एकत्र कशा जुळवतो याची, उपपत्ती मांडली आणि धान्याच्या परातीत हात बुडवणे, पीठ मळणे अशा कृतींना उपचाराची भाषा मिळाली. पालकांच्या बोलण्यातला ‘सेन्सरी’ हा शब्द बहुधा याच वाटेने आला असावा. शब्द आला म्हणजे कृतीही त्याच वाटेने आली, असे मात्र नाही.

बोटांनी रंगवण्याचा उगम हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. चीनमध्ये छिंग काळातील गाओ छिपेई (सु. १६६०–१७३४) हा चित्रकार बोटे, नखे व तळहात यांनी चित्रे काढण्यासाठी प्रसिद्ध होता. पण ती प्रौढांची सिद्ध कला होती. बालशिक्षणातले बोटरंगकाम रूथ फेसन शॉ या अमेरिकन शिक्षिकेच्या नावावर मोडते. १९२० च्या दशकात त्या रोममध्ये शाळा चालवत होत्या. जखमेवर लावायला दिलेले आयोडीन एका मुलाने बोटांनी भिंतीवर फासले आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. हकीकत सुटसुटीत आहे. ती शब्दशः घ्यावी असे नाही. माँटेसरींचे बालगृह व शॉ यांची शाळा दोन्ही रोममध्ये असल्यामुळे त्यांना एकाच प्रवाहात गोवले जाते. त्या दोहोंमागच्या विचारांत मात्र अंतर आहे.

महाराष्ट्रातील विचार : ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) बोर्डीपासून त्यांच्यासोबत होत्या. आयात केलेली लाकडी साधने आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पाने, गोटे, काड्या व माती यांची साधने झाली. पैशाच्या अडचणीतून हे घडले असे सांगण्याची पद्धत आहे. पण मुलाच्या परिसरातली वस्तू हीच त्याची पहिली शिक्षणवस्तू, हा विचारही त्यामागे तितकाच ठाम होता आणि त्याला दुय्यम लेखणे अन्यायाचे होईल. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून ‘अंगणवाडी’ हा शब्दही याच कामातून आला. २ ऑक्टोबर १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला.

पुणे परिसर : शहरातील जुन्या घरांत या खेळांना वेगळे नाव नव्हते. ते सणावारात विरघळलेले होते. आषाढ अमावस्येला गूळ घातलेल्या कणकेचे दिवे होत आणि एक गोळा मुलाच्या हाती पडे. गौरी येताना काही घरांत ओल्या रंगात मूठ टेकवून पावले उमटवत आणि वर बोटांचे ठिपके देत. मुलांच्या मुठीचे पाऊल लहान उमटे म्हणून ते मुद्दाम मुलांकडून करून घेत. भोंडल्याला पाटावर हत्ती काढत, कधी रांगोळीने तर कधी धान्याने. फराळाच्या दिवसांत कातण मुलांच्या हाती लागले की कणकेच्या लाटीवर नागमोडी रेघा उठत. या घरगुती बाजूची लेखी नोंद त्रोटक आहे. जे आहे ते बहुतांशी आठवणींच्या रूपात.

दिवाळीतल्या किल्ल्याला मात्र स्वतंत्र परिच्छेद द्यायला हवा. विटा व दगडांचा ढीग, त्यावर ओली पोती, पोत्यांवर लाल मातीचा चिखल आणि चिखलावर हळीव किंवा मोहरी. दोन-चार दिवसांत कोंब येतात आणि डोंगर हिरवा होतो. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे सर्वांत शेवटी चढतात. ही प्रथा शिवकालापर्यंत मागे नेणारे मत लोकप्रिय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवस्मरणाला सार्वजनिक रूप आले आणि त्यानंतर ती शहरी वाड्यांत रुजली असावी, हे मत अधिक संभाव्य वाटते. कलाखेळ म्हणून तिचे मोल असे, की चिखल कालवण्याचे काम वयाने सर्वांत लहान मुलाकडे येते आणि ते काम किल्ल्याला खरोखर लागणारे असते.

संस्थात्मक पातळीवर सारसबागेसमोरील गरवारे बालभवनाने मुक्त खेळ व हस्तकाम यांना शहरात जागा मिळवून दिली. पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे मोठे काम केले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या खेळण्यांचा रोख विज्ञानाकडे व थोड्या मोठ्या मुलांकडे असल्याने ती या नोंदीच्या कडेला येतात. कागदाच्या साहित्यासाठी अप्पा बळवंत चौक पूर्वापार ठरलेला. तिथला पतंगी कागद पाण्यात रंग सोडतो. त्याचे तुकडे ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवून उचलले की खाली रंगाचे डाग उरतात.

द्रव्ये व त्यांचे वर्तन : हळद हे यातले सर्वांत बोलके द्रव्य. तिच्यातील कर्क्युमिन आम्लात व उदासीन पाण्यात पिवळे राहते आणि अल्कलीत तांबडे होते. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्यासारख्या अल्कलीची क्रिया करून बनवतात, ते याच गुणामुळे. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. हळदीचे पाणी फासून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्यात बुडवलेले बोट टेकवले, की बोटाखालून लाल ठिपका उमटतो. अडीच वर्षांचे मूल आधी बोट उलटे करून पाहते, रंग बोटाला आहे का म्हणून. बोट स्वच्छ दिसते. मग ते पुन्हा टेकवते, यावेळी हळू. लाल ठिपक्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो परत पिवळा होतो. जास्वंदीच्या पाकळ्यांच्या अर्कात साबणाने हिरवट झाक येते आणि लिंबाने गुलाबी. गोकर्णाचा निळा अर्क लिंबाने जांभळा होतो. या कृतीत चुना मात्र अजिबात वापरू नये. डोळ्यात गेल्यास तो बुबुळाला कायमची इजा करू शकतो आणि चुन्याच्या डबी-पुडीने मुलांच्या डोळ्यांना झालेल्या इजा नेत्रतज्ज्ञांना चांगल्याच परिचित आहेत.

कॉर्नफ्लोअर दोन भाग व पाणी एक भाग असे कालवले, की हळू बोट घातल्यास ते द्रवासारखे वागते आणि मूठ मारल्यास घट्ट होते. सावकाश दाबले तर स्टार्चच्या कणांमधले पाणी सरकायला वाव मिळतो. झटक्यात दाबले तर कण एकमेकांत अडकतात. उरलेले मोरीत ओतू नये, कारण ते तळाशी बसून पाइप तुंबवते.

मीठ-कणकेचे प्रमाण साधारणपणे दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ व लागेल तसे, वाटीभराच्या आत पाणी असे असते. पुण्याच्या हवेत ही कृती दिवाळीनंतर करावी. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढू लागते. त्यामुळे आषाढ-श्रावणात केलेले बाहुले वाळण्याऐवजी घाम सुटल्यासारखे ओले होते आणि मान टाकते. शाडूला ही अडचण कमी. ती वाळायला वेळ घेते, पण बादलीत विरघळली की पुन्हा मळता येते.

चिकटकामासाठी मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ पुरते. किडीपासून बचाव म्हणून पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालण्याची जुनी पद्धत होती. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खळीत ते कधीही घालू नये. खळ दोन-तीन दिवसांनी आंबते. तेव्हा ती टाकून नवी शिजवावी. भेंडी, बटाटा, कांदा यांच्या ठशांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

आक्षेप व काळजी : अन्नाशी खेळू नये, हा मराठी घरांतील आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ‘उदरभरण नोहे’ म्हणून जेवायला बसणाऱ्या घरात तांदळाची परात खेळायला ओतणे अनेकांना खुपते आणि ते स्वाभाविक आहे. अनेक ताई यावर कोंडा, कांद्याची साले, कीड लागलेली डाळ किंवा भेंडीचा देठाकडचा तुकडा वापरतात. त्याने खेळ उणा होत नाही.

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी लहान भागांची चाचणी सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने घेतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याजोगी मानली जाते. हरभरा, शेंगदाणा, मणी, बटण हे सगळे त्यात मावतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे झाले. घरातली डाळ त्या कक्षेत येत नाही, तेव्हा ती पारख मोठ्या माणसानेच करायची. कच्चा राजमा विषारी असतो. तो तोंडात जाऊ देऊ नये. मीठ-कणीक मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास घातक ठरते. रांगोळी दगडाची भुकटी असल्याने उधळू देऊ नये आणि ती ओली करून वापरावी. घंगाळातील वितभर पाण्याशीही मुलाला एकटे सोडू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला. त्याचा अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि २० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच जाहीर झाला. त्यात खेळणी, कोडी व बाहुल्या आहेत. कणीक व माती ताईंना आपली आपणच आणावी लागते.