टोचलेल्या पेशी गेल्या कुठे?

स्टेम सेल (मूळपेशी) टोचून गुडघे, मणका, मेंदू सगळं दुरुस्त करून देऊ, अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. सुई बाहेर काढल्यावर त्या पेशी शरीरात नेमक्या गेल्या कुठे, हे मात्र त्यात कुणी सांगत नाही.

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी हेच शोधलं आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ८ रुग्णांना त्यांच्याच डेंड्रिटिक पेशी टोचायच्या होत्या. या स्टेम सेल नव्हेत, पण प्रश्न तोच. डेंड्रिटिक पेशी रोगप्रतिकार यंत्रणेला शत्रू ओळखायला शिकवतात, पण त्यासाठी त्या लसिका ग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) पडायला हव्यात. सोनोग्राफीत बघत बघत सुई घातली होती. तरीही एमआरआयमध्ये ४ जणांच्या पेशी ग्रंथीत नीट पोहोचलेल्याच नव्हत्या! किरणोत्सारी खूण वापरली तर ठिपका दिसतो, पण तो ग्रंथीत आहे की तिला लागून, हे त्यातून कळणं कठीण.

एमआरआयला हे दिसलं, कारण त्या पेशींना आधी लोहऑक्साइडचे सूक्ष्म कण खाऊ घातले होते. हा भाग मला फार आवडतो. एमआरआय पेशी पाहत नाही, तो पाण्यातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनांचा संदेश ऐकतो. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकात हे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा घुमतात. लेझीम पथकासारखे सगळे एका ठेक्यात असले की संदेश जोरदार येतो. घुमण्याचा हा वेग चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरतो. लोहकणाभोवती क्षेत्र जागोजागी बदलतं, म्हणून शेजारच्या प्रोटॉनांचे ठेके वेगळे पडतात, त्यांचे संदेश एकमेकांना खोडतात आणि तिथे काळा डाग उमटतो. तज्ज्ञ याला टी-टू-स्टार घट म्हणतात. गंमत अशी, की ही गडबड कणाच्या आकारापेक्षा कितीतरी दूर पसरते. त्यामुळे चित्राच्या एका ठिपक्यात (पिक्सेलमध्ये) सहज मावेल इतकी लहान पेशीसुद्धा आपलं अस्तित्व दाखवू शकते. शिवाय कणातला लोहऑक्साइडचा स्फटिक काही नॅनोमीटरचाच असल्याने उष्णतेने त्याच्या चुंबकत्वाची दिशा सतत उलटसुलट होते. बाहेर क्षेत्र नसेल तर सरासरी शून्य, म्हणून कण चुंबकासारखे एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. क्षेत्र लावलं की आतले हजारो अणू मिळून एकाच दिशेला वळतात. याला अतिपराचुंबकत्व म्हणतात.

अडचणीही आहेत. पेशी विभागली की लोह वाटलं जातं आणि डाग फिका होतो. पेशी मेली तर भक्षक पेशी ते लोह गिळतात, डाग तसाच राहतो. रक्तस्राव आणि हवाही काळीच दिसते. म्हणून काही गट लोहाऐवजी फ्लोरिनयुक्त द्रव वापरतात. शरीरातलं फ्लोरिन जवळपास सगळं हाडांत आणि दातांत घट्ट बसलेलं, त्याचा संदेश नेहमीच्या चित्रणात येत नाही. त्यामुळे जो दिसेल तो बाहेरून घातलेल्या खुणेचाच. पण तो क्षीण असतो, पेशी पुष्कळ लागतात, आणि मेलेल्या पेशीचा प्रश्न इथेही सुटत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांवरचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी वापर मान्यताप्राप्त चाचण्यांपुरताच आहे. जाहिरात करणाऱ्याला आधी विचारा: पेशी कुठे पोहोचल्या, आणि तुम्ही ते कसं पाहिलंत?