सस्तन प्राणी सरीसृपांतून आले, हे वाक्य कुठून आलं?

मुंबई ज्या काळ्या दगडावर उभी आहे तो लाव्हाचा आहे, पण सगळा दगड लाव्हाचा नाही. एक लोंढा थंड होऊन पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ जायचा. तेवढ्यात खोलगट जागी तळी साचायची आणि तळाशी गाळ बसायचा. मुंबई बेटावर असे गाळाचे थर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अभ्यासकांच्या नजरेत आले आणि त्यांत दोन प्राणी मिळाले. वरळीच्या टेकडीतल्या चिमुकल्या बेडकांचं वर्णन रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये लंडनमध्ये बसून केलं. कासवाचं वर्णन १८५२ मध्ये मुंबईतच नोकरीला असलेल्या हेन्री कार्टर या डॉक्टरने केलं. दोघांचं वय सहा ते साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास.

हेच दोन प्राणी शंभर वर्षं आधी सापडले असते, तर दोघांची रवानगी एकाच खात्यात झाली असती. सजीवांची पद्धतशीर यादी करणाऱ्या स्वीडिश कार्ल लिनियसच्या १७५८ च्या आवृत्तीत बेडूक, साप, पाली, कासवं, मगरी सगळे ‘अँफिबिया’ या एकाच वर्गात होते. थंड अंगाचे, किळसवाणे प्राणी, असं त्यांच्याविषयी त्याचं मत होतं आणि ते त्याने छापूनही टाकलं. त्याच यादीत त्याने दूध पाजणाऱ्यांचा ‘मॅमेलिया’ हा वर्ग पहिल्यांदा मांडला आणि देवमाशांना माशांतून काढून तिथे आणलं. देवमाशाबाबत इतकी तीक्ष्ण नजर असलेल्या माणसाला बेडूक आणि साप यांच्यातला फरक महत्त्वाचा वाटला नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तो फरक पुढे फ्रेंच अभ्यासकांनी ओळखला. अलेक्झांडर ब्रॉन्यारने १८०० च्या सुमारास बेडकांना सरीसृपांच्या आतच वेगळा गट दिला आणि लात्रेयने १८२५ मध्ये उभयचर व सरीसृप असे दोन स्वतंत्र वर्ग केले. जुनी सवय मात्र सुटली नाही. ब्रिटिश अमलात भारतीय प्राण्यांवर ग्रंथमाला निघाली, तेव्हा बूलेंजरने १८९० मध्ये साप आणि बेडूक एकाच खंडात बसवले. आजही त्या दोघांचा अभ्यासक सहसा एकच असतो. पावसाळी रात्री बॅटरी घेऊन रानात हिंडणाऱ्याला दोघे सोबतच भेटतात, एवढाच त्याचा अर्थ.

नात्याची खरी रेघ १८६६ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलने ओढली. कातडी, खवले, पाय हे सगळं बाजूला ठेवून त्याने गर्भाकडे पाहिलं. सरपटणारे, पक्षी आणि सस्तन या तिघांच्याही गर्भाभोवती पाण्याने भरलेली एक पातळ पिशवी असते. शास्त्रीय मराठीत तिला उल्ब म्हणतात, घरात पाणमोट. बाळंतपणात ‘पाणमोट फुटली’ म्हणतात ती हीच. बेडकाच्या आणि माशाच्या गर्भाला ती नसते. ही पिशवी असणाऱ्या सगळ्यांना हेकेलने ‘अ‍ॅम्निओटा’ हे नाव दिलं. आपण त्यांना उल्बधारी म्हणू.

उल्ब एकटं नसतं. सगळ्यांत बाहेरचं एक आवरण हवेची देवाणघेवाण करतं आणि गर्भाच्या मागच्या बाजूने फुटणारी तिसरी पिशवी मूत्रासारखी घाण साठवते, शिवाय श्वसनाला हातभार लावते. बेडकाच्या अंड्याला हे सगळं आजूबाजूचं पाणी करून देतं, म्हणून त्याला डबकं लागतं. उल्बधारी प्राण्याचं अंडं कोरड्या जमिनीवर टिकतं. या सोयीची दुसरी बाजू किनाऱ्यावर दिसते. २०१८ मध्ये वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडली, तेव्हा शहरभर कौतुक झालं. आयुष्य समुद्रात काढणारी मादी अंड्यांसाठी वाळूवर येते, कारण ते अंडं बाहेरची हवा घेतं आणि पाण्याखाली गुदमरतं. कोळ्यांच्या जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापांनी यातून वेगळी वाट काढली आहे. ते अंडी पोटातच वाढवतात आणि समुद्रातच जिवंत पिल्लं देतात.

एवढ्या जुन्या काळातली अंडी दगडात मिळत नाहीत, म्हणून सुरुवात कधी झाली हे हाडांवरून आणि पावलांवरून ठरवावं लागतं. कॅनडातल्या जॉगिन्स इथला पालीएवढा हायलोनोमस हा बराच काळ सर्वांत जुना उल्बधारी मानला जायचा, वय सुमारे ३१ ते ३२ कोटी वर्षं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून साडेपस्तीस कोटी वर्षांपूर्वीचे नखं असलेल्या पावलांचे ठसे प्रसिद्ध झाले. ते ठसे उल्बधारींचे आहेत हा अर्थ टिकला तर सुरुवात बरीच मागे जाईल.

आता मूळ वाक्याकडे. सस्तन प्राणी सरीसृपांतून आले, असं कित्येक पिढ्यांनी शाळेत लिहिलं आहे. त्याचा उगम दक्षिण आफ्रिकेतल्या कारू या रखरखीत प्रदेशात आहे. रस्ते बांधणाऱ्या अँड्र्यू बेनला १८३८ मध्ये तिथे दोन सुळे असलेल्या कवट्या मिळाल्या. ओवेनने १८४५ मध्ये त्यांना डायसिनोडॉन नाव दिलं आणि सरीसृपांत घातलं. आपल्याकडेही राणीगंजजवळच्या पंचेत खडकांतून याच कुळातल्या प्राण्याची हाडं निघाली. त्यांचं वर्णन टी. एच. हक्सलीने १८६५ मध्ये केलं. पुढे कारूतून असे प्राणी येतच राहिले. एकात सुळे आणि दाढा वेगळ्या, दुसऱ्यात सस्तनांसारखं टाळू, तिसऱ्यात जबडा जवळजवळ एका हाडाचा. त्या सगळ्यांना ‘सस्तनसदृश सरीसृप’ असं नाव पडलं.

पुरावा भक्कम होता आणि आहे. त्यातला सर्वांत सुंदर भाग कानाचा. जर्मन शरीरशास्त्रज्ञ राइखर्टने १८३७ मध्येच गर्भांवरून दाखवलं होतं, की आपल्या मधल्या कानातली हातोडी आणि ऐरण ही हाडं इतर प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं आहेत. ऐकायला अशक्य वाटतं. पण जीवाश्मांच्या मालिकेत ती हाडं पिढ्यानपिढ्या लहान होत, मागे सरकत गेलेली दिसतात. मॉर्गन्यूकोडॉन या घुशीहूनही लहान प्राण्यात तर जबड्याचे जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारी शेजारी काम करत होते.

म्हणजे बदल खरा होता, नाव तेवढं चुकलं. नाव चुकल्याचा सुगावाही लवकर लागला होता. हेन्री ऑसबर्नने १९०३ मध्ये कवटीत डोळ्यामागे असलेल्या भोकांवरून दोन मोठे गट केले: भोवती एकच कमान असलेले सिनॅप्सिड आणि दोन असलेले डायॅप्सिड. त्याच्या पहिल्या मांडणीत चुकीची मंडळीही घुसली होती, ती पुढे गाळली गेली. कानशिलावर बोटं ठेवून दात चावले की जो स्नायू फुगतो तो आपल्या एकाच भोकातून जबड्याकडे जातो, आपण सिनॅप्सिड. पाली, साप, मगरी, पक्षी दुसऱ्या गटात. १९१६ मध्ये गुडरिचने हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांवरून सांगितलं, की सस्तनांकडे जाणारी फांदी आणि आजचे सरीसृप व पक्षी यांची फांदी अगदी बुंध्यापासूनच वेगळ्या आहेत. आजच्या कुठल्याही सरीसृपाला सस्तनांचा पूर्वज म्हणणं म्हणजे चुलतभावाला आजोबा म्हणणं.

तरी नाव का टिकलं? कारण वर्गीकरण शिडीसारखं केलं जात होतं: मासा, उभयचर, सरीसृप, मग वरच्या पायऱ्यांवर पक्षी आणि सस्तन. शिडीत ‘सरीसृप’ म्हणजे जे अजून पक्षी किंवा सस्तन झाले नाहीत ते सगळे. याला धक्का दिला विली हेनिग या माश्यांवर काम करणाऱ्या जर्मन कीटकतज्ज्ञाने. त्याचं म्हणणं होतं, की एका पूर्वजाचे सगळे वंशज घ्या, नाहीतर तो गट खरा नाही. १९५० चं त्याचं जर्मन लिखाण फारसं कुणी वाचलं नाही. १९६६ मध्ये इंग्रजीत आल्यावर मात्र संग्रहालयांत भांडणं लागली. १९८८ मध्ये गोथिए, क्लूज आणि रो यांनी उल्बधारींचं असं झाड जीवाश्मांसकट मांडलं, आणि ‘सस्तनसदृश सरीसृप’ हा शब्द अभ्यासकांच्या लेखांतून हळूहळू गळला. क्रॉफर्ड मार्केटमध्ये डायनोसॉरच्या पाकिटात मिळणारा पाठीवर शीड असलेला डिमेट्रोडॉन आपल्याच, म्हणजे सिनॅप्सिडांच्या, बाजूचा आहे. तो डायनोसॉर येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधी संपला आणि त्याचं जवळचं नातं टी-रेक्सशी नव्हे, आपल्याशी आहे.

दुसऱ्या फांदीवरचे हिशेबही बदलले. पवई तलावातल्या मगरीचे आजचे सर्वांत जवळचे नातेवाईक पाली नाहीत. राणीच्या बागेतले पेंग्विन तिला जास्त जवळचे, कारण मगरी आणि पक्षी दोन्ही आर्कोसॉर, म्हणजे डायनोसॉर ज्यात येतात त्याच गटातले. दोघांच्या हृदयात चार कप्पे असतात, दोघे घरटी करतात आणि पिल्लांची राखण करतात. कासवांच्या कवटीत भोक नाही म्हणून त्यांना सगळ्यांत जुनी फांदी मानत असत. पण २०१२ च्या जनुकीय अभ्यासांनी त्यांना मगरी-पक्ष्यांच्या शेजारी बसवलं, आणि २०१५ मध्ये वर्णन झालेल्या जर्मनीतल्या पॅपोकेलिस या २४ कोटी वर्षं जुन्या प्राण्यात दोन भोकं दिसली. म्हणजे कासवांनी ती नंतर बुजवली.

दहावीच्या पुस्तकात प्लॅटिपसचा धडा ‘जोडणारा दुवा’ म्हणून येतो: अंडी सरीसृपांसारखी, दूध आणि केस सस्तनांसारखे. परीक्षेत तेच लिहावं, गुण त्यालाच आहेत. पण प्लॅटिपसला अंडं कुठल्या सरीसृपाकडून मिळालेलं नाही. ते दोन्ही फांद्यांच्या सामाईक पूर्वजाचं आहे. प्लॅटिपसने ते सांभाळलं, आपल्या पूर्वजांनी सोडलं. २००८ मध्ये जनुकं तपासली तेव्हा पिवळ्या बलकाचं प्रथिन बनवणारं एक चालू जनुक प्लॅटिपसमध्ये मिळालं, आणि माणसात त्याच जनुकांचे मोडके, बंद पडलेले अवशेष. बलकाची पिशवी मात्र माणसाच्या गर्भात आजही तयार होते. तिच्यात बलक नसतो, पण गर्भाच्या पहिल्या रक्तपेशी तिच्याच भिंतीत जन्मतात.